रविवारचं वाचन : कोणाच्या भाषेत, कोणाच्या तोंडून?



आपल्या मार्केट यार्डाचा आठवडा बाकी पुण्यापेक्षा वेगळा चालतो. पुण्याला रविवारी सुट्टी असते, आपल्या भाजीबाजाराला शनिवारी. रविवारी पहाटे गुलटेकडीला गाड्यांची रांग लागते, कांदा-बटाट्याचे ढीग उतरतात, आणि घरी किलोभर भाजी नेणारेही पिशव्या घेऊन येतात. त्यामुळे बाजारात काम करणाऱ्या ख्रिस्ती बायकांची रविवारी सकाळी ओढाताण होते. एकीकडे आवक, दुसरीकडे उपासनेची घंटा. उपासनेला धावत-पळत पोचणारीच्या मनात एक प्रश्न असतो : वाचन झालं का?

आज त्या वाचनाविषयी बोलायचं आहे. ज्या मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत त्यांनीही ऐकावं. ही गोष्ट पुराण सांगणाऱ्यांची आहे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकांची आहे, आणि जे काम आपण रोज करतो त्या निवडणीचीही आहे. टोपलीत काय ठेवायचं आणि बाजूला काय काढायचं हे जशी निवडणारी ठरवते, तसंच रविवारी धर्मग्रंथातलं काय वाचायचं हेही कोणीतरी ठरवलेलं असतं.

आधी हे वाचन म्हणजे काय ते पाहू. कॅथलिक मिस्सेमध्ये आणि बऱ्याच प्रोटेस्टंट उपासनांमध्ये रविवारी बायबलमधले ठरलेले उतारे वाचतात. साधारणपणे एक उतारा जुन्या करारातला, मग एक स्तोत्र, मग एखाद्या पत्रातला उतारा, आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला भाग. शुभवर्तमानाच्या वेळी सगळे उभे राहतात. कोणत्या रविवारी कोणता उतारा याची यादी असते, आणि ती तीन वर्षांनी फिरून येते. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान ईस्टरच्या काळात आणि अधूनमधून वाचतात.

यंदा कोणतं वर्ष चालू आहे हे ओळखायची युक्ती सोपी आहे. सनाच्या आकड्याला तीनने भाग गेला तर ते लूकचं वर्ष. २०२५ला तीनने भाग जातो, म्हणून ते लूकचं. त्याच्या पुढचं २०२६ हे मत्तयचं, आणि २०२७ मार्कचं. मात्र चर्चचं नवं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या आधी चार रविवार आगमनकाळ सुरू होतो, नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, तिथे पान उलटतं.

ही प्रथा किती जुनी? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये जस्टिन नावाचा एक ख्रिस्ती विचारवंत होता. त्याने रोमच्या बादशहाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. त्यात तो सांगतो, की रविवारी शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लेखनं वेळ पुरेल तितकी वाचली जातात, मग प्रमुख माणूस त्यावर बोलतो. शेवटी वर्गणी जमते, आणि त्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांची सोय होते. म्हणजे वाचन आणि विधवेच्या घरची चूल यांचा संबंध पहिल्यापासून होता. शब्द ऐकून उठायचं ते हाताला काम लावायला, अशी ती रीत होती.

ही रीतसुद्धा शून्यातून आली नव्हती. ज्यू लोक दर शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, मोशेच्या ग्रंथातला त्या आठवड्याचा भाग सभास्थानात वाचतात आणि वर्षभरात पाचही पुस्तकं पुरी करतात. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचा उतारा वाचला ही हकिकत लूकने दिली आहे, ती याच रिवाजातली. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. आपल्या भाजीबाजारासारखीच त्यांचीही सुट्टी शनिवारची. मराठी बोलणाऱ्या त्या ज्यू घरांना आठवड्याचा एक दिवस राखून ठेवणं कोणी नव्याने शिकवायला नको होतं.

आता आपल्या भाषेत येऊ. मराठीत ख्रिस्ती कथेचं सार्वजनिक वाचन कधीपासून होतंय? याचं उत्तर पुष्कळांना चकित करतं. चारशे वर्षांहून जास्त झाली.

फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तिथेच वारले. गोव्याच्या साष्टी भागात राहून ते कोकणी आणि मराठी शिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण त्यांच्या लक्षात आली. या लोकांना आधी पुराणं ऐकायची सवय होती. धर्म बदलला, पुराण गेलं, आणि कानाला काहीच उरलं नाही. म्हणून स्टीफन्सनी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोल इथे रोमन लिपीत छापला गेला. तो रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळांत वाचून दाखवत. ऐकणाऱ्यांमध्ये अर्थातच बायका होत्या, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना अक्षर येत असेल. पण ओवी बायकांच्या सरावाची होती. जात्यावर जी लय हाताला होती तीच लय देवळात कानावर पडत होती.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. अशा फर्मानांनी बोली मरत नाहीत, पण त्या भाषेतल्या ग्रंथांचा आधार जातो. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती दुर्मीळ झाल्या. तरी पाठांतराने आणि हाताने उतरवलेल्या प्रतींनी ते टिकलं. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी ते रोमन लिपीत पुन्हा छापलं. देवनागरीत ते मराठी वाचकाच्या हाती आलं ते १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, आणि छापलं ते आपल्या पुण्यात, प्रसाद प्रकाशनाने. मराठी कानासाठी रचलेल्या ग्रंथाला मराठी लिपीत छापलं जायला तीनशे चाळीस वर्षं लागली.

दुसरा प्रवाह बंगालकडून आला. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने नवा करार मराठीत आणला. तो १८११ साली मोडी लिपीत छापला गेला. पाठोपाठ मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली आपला नवा करार छापला. पुढे शंभर वर्षं दुरुस्त्या होत राहिल्या. बाबा पदमनजींसारख्या लेखकाने त्या कामात पुष्कळ वर्षं घातली. आपण त्यांना ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या कादंबरीमुळे ओळखतो, विधवांचं दुःख मांडणारी ती कादंबरी. तरीही या भाषांतरांत एक अडचण उरली. परदेशी मिशनरी आणि शिकलेले पंडित मिळून जी मराठी घडवत, ती वाचताना भारदस्त वाटे, पण खेड्यातल्या बाईला तिच्यातले कितीतरी शब्द कळत नसत.

ही अडचण जिला सगळ्यात खोल कळली ती बाई स्वतः पुराण सांगून मोठी झाली होती. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थाच्या ठिकाणी फिरे, देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाची, लोक पैसा-धान्य वाहत त्यावर पोट चाले. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात आपली हकिकत सांगताना रमाबाईंनी या व्यवसायाकडे परखडपणे पाहिलं आहे. लोक पुण्य मिळावं म्हणून ऐकत. संस्कृत कळो न कळो, कानावरून गेलं की पुण्य पदरात पडलं अशी समजूत होती. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. उरलेल्या बहीण-भावाने पायी देश पालथा घातला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती वारले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. इथेच त्यांची वाँटेजच्या भगिनींशी ओळख झाली. या इंग्लंडमधल्या जोगिणी पुण्यात पंचहौद मिशनबरोबर काम करत होत्या. मार्केट यार्डातून स्वारगेटवरून गुरुवार पेठेत गेलं की पंचहौदचा उंच घंटाघर-मनोरा आजही दिसतो, ते पवित्र नाम देवालय १८८५ सालचं. चहा पिण्यावरून रानडे-टिळकांसकट सगळ्या पुण्याला प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारं ‘पंचहौद प्रकरण’ ते याच मिशनमधलं, १८९० सालचं. रमाबाई या भगिनींच्या मदतीने इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावर महाराष्ट्रात केवढं काहूर उठलं ते आपण इतिहासात वाचलेलं आहे. त्यांचं शारदासदन १८८९ साली मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, आणि दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका आसऱ्याला आल्यावर पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं.

केडगावात रमाबाईंसमोर रोज बसत होत्या त्या दुष्काळातून आलेल्या खेडवळ मुली. त्यांना बायबल वाचून दाखवायचं तर शब्दाशब्दाला अडायला होई. रमाबाईंना आपलं बालपण आठवलं असेल का? न कळणारा ग्रंथ, समोर हात जोडून बसलेल्या बायका, आणि पुण्याची आशा. तीच गोष्ट नव्या धर्मात पुन्हा होणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि शेवटची सतरा-अठरा वर्षं सगळ्या बायबलचं नवं मराठी भाषांतर करण्यात घातली. बोलीला जवळचे शब्द घ्यायचे, संस्कृताचा भार टाळायचा, ही त्यांची अट होती. संस्कृतावर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईने ते जाणूनबुजून बाजूला ठेवलं याचा अर्थ आपण नीट समजून घ्यायला हवा. जिला भरजरी पैठणी नेसता येते ती शेतात जाताना सुती लुगडं नेसते, कारण काम करायचं असतं.

आणि हे काम बायकांनी केलं. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणं, मुद्रितं तपासणं, छापणं, बांधणी हे सगळं मुक्ती सदनातल्या बायका-मुली शिकल्या. काहीजणी हिब्रू-ग्रीकसुद्धा शिकल्या. ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं, ज्यांना गावात कोणी शिवत नव्हतं, त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीची लिपी हाताळली. १९२१ साली मनोरमा वारली. तिच्यामागे रमाबाईही थकल्या. शेवटची मुद्रितं पुरी होईतो आयुष्य दे अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ती पुरी होताच त्या गेल्या, असं मुक्तीमध्ये सांगतात. ५ एप्रिल १९२२ हा तो दिवस. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत कनेक्टिकटच्या ज्युलिया स्मिथ यांनी १८७६ साली एकहाती बायबल भाषांतर छापलं होतं. मूळ भाषांवरून एवढा ग्रंथ एकटीने उतरवणाऱ्या बायका जगात बोटांवर मोजण्याइतक्याच, आणि त्यांतली एक आपल्या पुणे जिल्ह्यातली.

पण पुढे काय झालं? बहुतेक चर्चमध्ये रविवारी बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जात राहिलं. रमाबाईंचा ग्रंथ मानाने कपाटात गेला. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न गेला नाही. समोर बसलेल्या बाईला कळतंय का, हा तो प्रश्न. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याच्या नावातच तो प्रश्न आहे. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

इथवर भाषेचं झालं. आता तोंडाचं. म्हणजे वाचायचं कोणी?

एकोणिसाव्या शतकात मिशनच्या कामात ‘बायबल-बाई’ नावाची एक नोकरी होती. वाचता येणारी ख्रिस्ती बाई घरोघर जाई, ओसरीवर किंवा माजघरात बसून बायकांना बायबल वाचून दाखवी, बहुतेक वेळा अक्षरंही शिकवी. पुरुष प्रचारकाला ज्या उंबऱ्याच्या आत जाता येत नसे तिथे ती जाई. ही गरीब, पुष्कळदा विधवा बाई. तिच्या वाचनावर कितीतरी बायका अक्षर शिकल्या. पण रविवार उजाडला की तीच बाई देवळात खाली बसे आणि वाचन पुरुष करी. सोमवार ते शनिवार वाचणारी ती, आणि रविवारी ऐकणारी. याचं कोणाला नवल वाटत नसे.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट इथे आठवते. शाळेत न गेलेली ही बाई. पती नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं ओवीबद्ध काव्य हाती घेतलं, पण १९१९ साली ते वारले तेव्हा थोडाच भाग झाला होता. राहिलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचला. तीनशे वर्षांपूर्वी साष्टीच्या देवळात जी बाई ख्रिस्तपुराण ऐकत बसली होती, तिच्या पणत्यांतली कोणी आता स्वतः ओवी रचत होती असं म्हणायला हरकत नाही.

कॅथलिक देवळांत तर १९६०च्या दशकापर्यंत मिस्सेतलं मुख्य वाचन लॅटिनमध्ये होई. वसईची शेतकरीण असो की पुण्याच्या छावणीतली आया, दोघींनाही अर्थ कळायचा तो प्रवचनातून. डिसेंबर १९६३मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी ठराव केला, की लोकांच्या भाषेला वाव द्यावा आणि बायबलचं ताट भाविकांपुढे अधिक भरून वाढावं. आधीच्या यादीत दरवर्षी तेच ते उतारे येत आणि रविवारी जुना करार जवळजवळ नसेच. नवी तीन वर्षांची यादी १९६९ साली आली आणि ३० नोव्हेंबर १९६९च्या आगमन-रविवारपासून तिची सुरुवात ठरली. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तो दिवसही आगमनाचा पहिला रविवारच होता. पुढे जगभरच्या प्रोटेस्टंट चर्चनी कॅथलिक यादीच्या धर्तीवर आपली सामाईक यादी केली, तिचं सुधारलेलं रूप १९९२ सालचं.

आणि बाई? १९७० साली रोमहून सूचना आली, की शुभवर्तमान सोडून बाकीचे उतारे बायकांनी वाचायला हरकत नाही. तिथून हळूहळू बायका वाचनपीठाशी उभ्या राहू लागल्या. तरी ‘वाचक’ हे पद रीतसर, कायमचं द्यायचं तर ते पुरुषालाच, असा नियम उरला होता. तो पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१मध्ये बदलला. म्हणजे ज्या बायका पन्नास वर्षं वाचतच होत्या, त्यांना नाव आणि नेमणूक मिळायला पन्नास वर्षं लागली. बाजारात वर्षानुवर्षं राबून ओळखपत्रासाठी खेटे घालणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता राहिली तिसरी गोष्ट, निवड.

रविवारी वेळ थोडा. सगळं बायबल तीन वर्षांच्या रविवारांत मावत नाही. यादी करणाऱ्यांना काही घ्यावं लागलं, काही सोडावं लागलं, यात त्यांचा दोष नाही. पण काय सुटलं हे पाहायला हवं.

ईस्टरच्या रविवारी सकाळी कॅथलिक देवळात योहानाच्या विसाव्या अध्यायातली पहिली नऊ वचनं वाचतात. मग्दालीया मरीया पहाटे अंधारात कबरेकडे येते, दगड बाजूला झालेला पाहते, धावत जाऊन शिष्यांना सांगते. पेत्र आणि दुसरा शिष्य धावत येतात, आत पाहतात. इथे उतारा संपतो. पुढे काय होतं? ते दोघे घरी जातात. मरीया तिथेच रडत उभी राहते, आणि उठलेला येशू तिच्याशी बोलतो, तिला नावाने हाक मारतो, आणि इतरांना सांगायला पाठवतो. हा भाग मंगळवारी येतो. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवशी तो ऐकू येत नाही, आणि मंगळवारी कामावर गेलेल्या बाईच्या कानावर तो पडत नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिसनी मग्दालीया मरीयेच्या २२ जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला, त्या दिवशी मात्र ही वचनं वाचतात.

अशीच दुसरी गोष्ट मिसरातल्या दोन सुइणींची. फारोने हुकूम केला, की इब्री बायकांचा मुलगा जन्मला की मारून टाका. शिप्रा आणि पुवा या सुइणींनी तो मानला नाही आणि विचारल्यावर सरळ राजालाच गुंडाळलं. त्या ग्रंथातला अन्यायी हुकुमाला हा पहिला नकार, आणि तो दोन कष्टकरी बायकांचा. कॅथलिक यादीत हा अध्याय रविवारी नाही. आठवड्याच्या दिवशी वाचतात तेव्हाही नेमकी सुइणींची वचनं गाळून पुढे जातात. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल फिबी नावाच्या बाईची शिफारस करतो, ते पत्र तिनेच रोमला नेलं असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तिची दोन वचनंही सुटतात. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा नावाने उल्लेख आहे, की विश्वास आधी त्यांच्यात होता. लूकच्या वर्षी एका रविवारी हे पत्र वाचतात, आणि वाचन सुरू होतं ते नेमकं त्याच्या पुढच्या वचनापासून.

प्रोटेस्टंटांच्या सामाईक यादीने यातल्या काही जागा भरून काढल्या. तिथे सुइणी येतात, ईस्टरला मरीयेची सगळी भेट वाचता येते, मार्कच्या वर्षी रूथ आणि नामी या सासू-सुनेची गोष्टही दोन रविवार येते. म्हणजे यादी माणसंच करतात, आणि माणसं ती सुधारूही शकतात. निवडून झालेल्या मालावर पुन्हा हात फिरवला तर त्यातून चांगलं निघतं, हे आपल्यातल्या निवडणीवाल्यांना पक्कं माहीत आहे.

यादीने काय दिलं तेही सांगायला हवं, नाहीतर एकच बाजू होईल. मत्तयच्या वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला येतो. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, रोजंदारी ठरवून माणसं आणतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना शेवटचा जातो, तरी काहीजण उभेच असतात. का उभे आहात, म्हणून विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

गाडीतून उतरून उपासनेला आलेल्या माणसाला यात फक्त देवाची कृपा ऐकू येते. मार्केट यार्डातल्या बाईला आधी ते उभे राहिलेले लोक दिसतात. कोणी कामाला लावलं नाही या वाक्याचं वजन तिला ठाऊक आहे. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी गेलं तर काय होतं हे ती जाणते, आणि म्हणून मालकाने पूर्ण मजुरी का दिली तेही तिला फोड करून सांगावं लागत नाही : पोट अर्ध्या दिवसाचं नसतं. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ सालचा, आणि ही वाचनांची नवी यादीही १९६९ सालचीच. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्या पुण्यात हमालांनी संघटना करून हक्काची मजुरी मिळवली, त्या पुण्यात हा दाखला कोण वाचतं आणि कोण त्याचा अर्थ सांगतं याने फरक पडतो.

म्हणून मला वाटतं, रविवारच्या वाचनाचा आपला इतिहास तीन प्रश्नांचा आहे. कोणत्या भाषेत, कोणाच्या तोंडून, आणि कोणता भाग. पहिल्या प्रश्नाचं उत्तर रमाबाईंनी आणि केडगावच्या बायकांनी खिळे जुळवून दिलं. दुसऱ्याचं उत्तर बायबल-बाईने ओसरीवर बसून दिलं आणि चर्चने फार उशिरा मान्य केलं. तिसरं अजून पुरतं मिळालेलं नाही, आणि ते मिळवायला रोमला जावं लागत नाही.

ज्या मैत्रिणी उपासनेला जातात त्यांच्यासाठी एक साधी सूचना. शनिवारी आपल्या बाजाराला सुट्टी. त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे उतारे घरात मोठ्याने वाचा, आणि उतारा जिथे संपतो तिथे न थांबता पुढची दहा वचनं वाचा, मागचीही वाचा. डोळ्यांनी दिसत नसलेल्या आजीला वाचून दाखवा. अडलेला शब्द खुणेने ठेवा आणि रविवारी पाळकांना, फादरांना विचारा. तुमच्या चर्चमध्ये वाचकांची पाळी लागत असेल तर आपलं नाव द्या. आवाज कापला तरी चालेल, दुसऱ्यांदा कमी कापतो. आणि ज्या उपासनेला जात नाहीत त्यांच्या घरात जो ग्रंथ असेल, पोथी असो, गाथा असो, कुराण असो की बाबासाहेबांचं पुस्तक, त्यालाही हे तीन प्रश्न विचारता येतील.

जस्टिनने लिहिलेलं तेवढं लक्षात ठेवा : वाचन वेळ पुरेल तितकं, आणि त्यानंतर विधवेला, अनाथाला, आजाऱ्याला काय मिळालं त्याचा हिशेब. पुढच्या आठवड्यात नव्या विषयासह भेटू.